शेडिन्जाचा एक एचपी

पोकेमॉनच्या गेममध्ये आज हजाराहून जास्त प्राणी आहेत. त्यातल्या फक्त एकाचे एचपी, म्हणजे मार सोसायची ताकद, लेव्हल 1 ला 1 असतात आणि लेव्हल 100 लाही 1 च राहतात. तो म्हणजे शेडिन्जा. हवेत तरंगणारं तपकिरी पोकळ शरीर, पाठीवर उभी चीर, डोक्यावर पांढरं वलय. वजन 1.2 किलो. मला सगळ्यांत जास्त आवडणारा पोकेमॉन हाच, आणि तो का आवडतो हे सांगायचं तर आधी गेमचे थोडे नियम समजावून द्यावे लागतील. कारण शेडिन्जाचं सौंदर्य चित्रात आहे त्याहून जास्त नियमांत आहे. त्याची गोष्ट आणि त्याचं गणित एकच आहे, आणि असं मला दुसऱ्या कुठल्याही पोकेमॉनबद्दल इतक्या ठामपणे म्हणता येत नाही.

ज्यांनी हा गेम कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात सांगतो. तुम्ही रानावनात फिरता, प्राणी पकडता, सहा जणांची टीम बांधता आणि इतरांशी लढता. लढाईत दोन्ही बाजू आळीपाळीने एकेक मूव्ह, म्हणजे डाव, वापरतात. मार बसला की एचपी कमी होतात, शून्यावर आले की तो प्राणी त्या लढाईतून बाद. लढत गेलं की लेव्हल वाढते आणि लेव्हलबरोबर सगळे आकडे वाढतात. गेमचं मूळ वचनच हे आहे: मेहनत घ्या, तुमचा प्राणी दणकट होईल.

एचपी काढायचं एक ठरलेलं सूत्र आहे. प्रत्येक जातीला एक मूळ आकडा दिलेला असतो. त्याची दुप्पट करायची, त्या एका प्राण्याचे जन्मजात गुण आणि त्याला दिलेलं प्रशिक्षण त्यात मिळवायचं, आणि हे सगळं लेव्हलच्या प्रमाणात घ्यायचं. शेवटी लेव्हलचा आकडा आणि वर आणखी 10 असे सरसकट सगळ्यांना बहाल. ब्लिसी नावाच्या गुबगुबीत गुलाबी पोकेमॉनचा मूळ आकडा 255 आहे, म्हणून लेव्हल 100 ला तिचे एचपी 714 पर्यंत जातात. शेडिन्जाचा मूळ आकडा 1. तरी हेच सूत्र लावलं असतं तर लेव्हल 100 ला त्याला निदान 112 एचपी मिळाले असते. ते मिळत नाहीत, कारण गेम बनवणाऱ्यांनी त्याच्यासाठी सूत्रच बाजूला ठेवलंय. शेडिन्जा असेल तर एचपी 1, विषय संपला.

याचे परिणाम फार दूरवर जातात. त्याचा डिफेन्स 45 आहे आणि स्पेशल डिफेन्स 30, पण या दोन आकड्यांना काही अर्थच उरत नाही. लागलेला मार कितीही बारीक असला तरी गेम तो निदान 1 धरतो, आणि 1 पुरेसा असतो. सबस्टिट्यूट नावाची मूव्ह आपले पाव एचपी खर्चून एक बाहुली उभी करते. शेडिन्जाकडे पाव खर्चायलाच काही नाही, त्यामुळे ती त्याला जमत नाही. लाइफ ऑर्ब ही वस्तू मूव्हचा जोर वाढवते आणि बदल्यात थोडे एचपी घेते. शेडिन्जाच्या हातात ती दिली तर तो शत्रूला मारून स्वतःही पडतो.

आता तो येतो कुठून ते पाहू. शेडिन्जा पहिल्यांदा दिसला 2002 साली जपानमध्ये आलेल्या रुबी आणि सफायर या गेममध्ये. तिथे रूट 116 च्या गवतात निन्काडा नावाचा एक पांढुरका किडा सापडतो. हा जमिनीखाली वर्षानुवर्षं राहतो, झाडांच्या मुळांतला रस पितो, डोळ्यांना त्याला फारसं दिसत नाही. लेव्हल 20 ला त्याचा निन्जास्क होतो. निन्जास्क पंखवाला, आणि वेगात त्या वेळी सगळ्या पोकेमॉनमध्ये पहिला: त्याचा मूळ वेग 160. गेम नेहमीच्या थाटात अभिनंदन करतो आणि तुम्ही खूश होऊन पुढे निघता.

पण त्या क्षणी तुमच्या टीममध्ये एक जागा मोकळी असेल, तर काही वेळाने टीमची यादी उघडल्यावर तिथे एक अनोळखी प्राणी बसलेला दिसतो. तुम्ही तो पकडलेला नसतो. तो आल्याचं गेमने कुठेही सांगितलेलं नसतं. लेव्हल निन्जास्कइतकीच, मूव्ह त्याच्याच, स्वभावही तोच. तो शेडिन्जा. निन्काडाने निन्जास्क होताना जी कात टाकली, ती कात. पुढे 2006 च्या डायमंड आणि पर्ल या गेमपासून आणखी एक अट आली: मोकळ्या जागेबरोबर बॅगेत एक साधा पोके बॉलही, म्हणजे पोकेमॉन पकडून ठेवायचा चेंडूही, हवा. शेडिन्जा आला की तो बॉल गुपचूप खर्ची पडतो. मला ही अट फार आवडते. रिकाम्या कातीतही कुणीतरी आहे आणि त्याला राहायला जागा लागते, हे गेमने एकही वाक्य न बोलता मान्य केलंय.

हे सगळं खऱ्या सिकाडावरून घेतलंय. उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाच्या आधी सह्याद्रीच्या जंगलात गेलात तर कानात दडे बसतील इतका किर्र आवाज ज्यांचा येतो, तेच हे किडे. त्यांची पिल्लं जमिनीखाली मुळांचा रस पीत काही वर्षं काढतात. शेवटी एका संध्याकाळी माती उकरून वर येतात, झाडाच्या खोडावर चढतात, पुढच्या पायांनी सालीला घट्ट धरतात आणि तिथेच थांबतात. मग पाठीवर मधोमध उभी चीर पडते आणि तिच्यातून मऊ, फिकट रंगाचा, चुरगळलेल्या पंखांचा प्रौढ किडा बाहेर येतो. पंख वाळून ताठ झाले की तो उडून जातो. कात मात्र खोडाला तशीच चिकटून राहते.

ती कात एकदा जवळून बघा. डोळ्यांच्या जागचे फुगवटे असतात, पुढच्या पायांवरचे खणायचे काटे असतात, पोटावरच्या कड्या असतात. पाठीच्या चिरेतून आत पाहिलं तर पांढरे बारीक धागे लोंबताना दिसतात. ते धागे म्हणजे किड्याच्या श्वासनळ्यांचं आतलं अस्तर. कात टाकताना किडा तेही टाकून जातो. म्हणजे शरीराचा सगळा साचा तिथे असतो, अगदी श्वास घ्यायच्या वाटांचासुद्धा, आणि श्वास घेणारा तेवढा नसतो. पोकेमॉनच्या ज्ञानकोशात शेडिन्जाबद्दल लिहिलंय की तो पंख न हलवता उडतो, आतून पोकळ आहे आणि श्वास घेत नाही. ज्याने हे लिहिलं त्याने ती कात हातात धरून पाहिली असणार असं मला वाटतं. जपानमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं या काती गोळा करतात. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे जमवायचे आणि त्या छंदातूनच हा गेम सुचला, हे तर प्रसिद्धच आहे. त्यात निन्जांच्या गोष्टींतली एक युक्ती मिसळली: शत्रूचा वार येतो तेव्हा निन्जा आपल्या जागी अंगावरचं वस्त्र किंवा ओंडका सोडून नाहीसा होतो. निन्जास्क हा निसटलेला निन्जा. शेडिन्जा हे त्याने मागे सोडलेलं.

इथपर्यंत गोष्ट झाली. एक एचपी असलेला पोकळ प्राणी म्हणजे बिचारा, पहिल्या फटक्याला पडणारा, असंच कुणालाही वाटेल. पण त्याच्याकडे वंडर गार्ड नावाची अ‍ॅबिलिटी आहे. अ‍ॅबिलिटी म्हणजे अंगभूत खासियत, आणि ही खासियत दुसऱ्या कुठल्याही पोकेमॉनकडे मुळात नाही. तिचा नियम एका ओळीचा: जो वार सुपर इफेक्टिव्ह नाही, तो लागतच नाही.

सुपर इफेक्टिव्ह म्हणजे काय? पोकेमॉनमध्ये प्रत्येक प्राण्याला आणि प्रत्येक मूव्हला टाइप असतो: आग, पाणी, गवत, खडक, भूत, असे आज एकूण 18. हा दगड-कागद-कात्रीचाच पसारा आहे, फक्त खूप मोठा. पाणी आगीला दुप्पट लागतं, आग गवताला दुप्पट, गवत पाण्याला दुप्पट. काही जोड्यांत मार निम्मा होतो, काहींत शून्य, बाकी जोड्यांत जेवढ्यास तेवढा. दुप्पट लागला की तो सुपर इफेक्टिव्ह. प्राण्याला दोन टाइप असतील तर दोन्हींचा हिशोब करून गुणाकार करायचा.

शेडिन्जा आहे किडा आणि भूत. हे मिश्रणही त्याच्याशिवाय आजवर कुणाला मिळालेलं नाही. आता हिशोब मांडा. आग, उडणारा आणि खडक हे तीन टाइप किड्याला दुप्पट लागतात. भूत आणि अंधार हे दोन टाइप भुताला दुप्पट लागतात. एकूण पाच. साधा आणि मारामारीचा हे दोन टाइप भुताला मुळीच लागत नाहीत. गवत, जमीन, विष आणि किडा यांचा मार निम्मा होतो. राहिले पाणी, वीज, बर्फ, मनोबल, ड्रॅगन, पोलाद आणि परी असे सात. या सातांचा मार त्याला पुरेपूर लागायला हवा होता, पण वंडर गार्ड तोही अडवतं. म्हणजे 18 पैकी 13 टाइपच्या थेट हल्ल्यांना शेडिन्जा अभेद्य आहे. हल्ल्याचा जोर कितीही असो.

हे कागदावर वाचून पुरतं कळत नाही. सफायरमध्ये केव्ह ऑफ ओरिजिनच्या तळाशी कायोगर भेटतो, महासागर निर्माण करणारा, 352 किलोचा, लेव्हल 45 चा. त्याच्याकडे चार मूव्ह असतात: बॉडी स्लॅम, काम माइंड, आइस बीम आणि हायड्रो पंप. बॉडी स्लॅम साध्या टाइपची, ती भुताच्या आरपार जाते. आइस बीम बर्फाची आणि हायड्रो पंप पाण्याची, दोन्ही सुपर इफेक्टिव्ह नाहीत. काम माइंडने तो फक्त स्वतःची ताकद वाढवतो. कायोगर आल्याबरोबर पाऊस सुरू होतो, त्यामुळे हायड्रो पंपचा जोर दीडपट. समोर 1 एचपीची कात. आणि प्रत्येक वेळी पडद्यावर ओळ येते की वंडर गार्डमुळे शेडिन्जाला मार बसला नाही.

या चार मूव्ह मिळून कायोगर जास्तीत जास्त 50 वेळा वापरू शकतो. त्या सगळ्या संपल्या की त्याच्यापुढे स्ट्रगल नावाची शेवटची धडपड उरते. तिला टाइपच नसतो, आणि ती वंडर गार्डमधून जाते. म्हणजे महासागराचा देव शेडिन्जाला हरवू शकतो तो त्याची सगळी शक्ती संपल्यावर, नुसत्या धडपडीने. तोवर तुम्ही निवांतपणे एकामागून एक बॉल टाकत बसा.

यानंतर कुणी म्हणेल की मग हा हरतच नसेल. हरतो, आणि फार सहज हरतो. वंडर गार्ड फक्त थेट हल्ले अडवतं. विष, भाजल्याची जखम, वाळूचं वादळ, गारा, रक्त शोषणारं लीच सीड, गोंधळून स्वतःलाच मारून घेणं, यांतलं काहीही एकदा लागलं की खेळ खल्लास. रुबी-सफायरनंतर आलेल्या एमरल्ड या गेममध्ये शेवटचा विजेता वॉलेस पाण्याच्या पोकेमॉनची टीम घेऊन येतो. त्याचा वेलॉर्ड 398 किलोचा देवमासा आहे, आणि त्याच्याकडे शेडिन्जाला लागेल असं काहीच नाही. पण त्याच टीममधल्या टेंटाक्रुएलकडे टॉक्सिक आहे आणि लुडिकोलोकडे लीच सीड. एक थेंब विष, एक बी, बस.

पुढच्या गेममध्ये परिस्थिती आणखी बिकट झाली. डायमंड आणि पर्लमध्ये स्टेल्थ रॉक ही मूव्ह आली. तिने मैदानावर अणकुचीदार दगड तरंगत राहतात आणि नवीन येणाऱ्याला टोचतात. शेडिन्जा मैदानात पाऊल ठेवताच मरतो, काही करायच्या आधीच. त्याच गेममध्ये मोल्ड ब्रेकर ही अ‍ॅबिलिटी आली, तिच्यापुढे वंडर गार्ड चालत नाही. त्याआधी टायरॅनिटार नावाचा पोकेमॉन नुसता समोर आला तरी वाळूचं वादळ सुरू व्हायचं आणि थांबायचंच नाही. 2013 च्या एक्स आणि वायपासून ते साधारण पाच फेऱ्यांत शमू लागलं, तेवढाच दिलासा.

म्हणून शेडिन्जा खेळवणं ही डोक्याची कसरत आहे, आणि मला त्यातच खरी मजा येते. प्राण्याच्या हातात एकच वस्तू देता येते. हेवी-ड्यूटी बूट्स दिले तर जमिनीवरच्या आणि तरंगत्या काट्यांपासून बचाव. सेफ्टी गॉगल्स दिले तर वाळू आणि गारांपासून. फोकस सॅश दिली तर सुपर इफेक्टिव्ह फटकासुद्धा एकदा सोसता येतो, पण विषापुढे तिचा उपयोग नाही. सगळं एकदम मिळत नाही. कुठल्या मरणाची भीती जास्त हे समोरच्याची टीम बघून तुम्हालाच ठरवावं लागतं.

त्याला मैदानात कधी आणायचं हीही एक कला आहे. चॉइस बँडसारख्या वस्तू प्राण्याचा जोर वाढवतात, पण पहिली निवडलेली मूव्हच त्याला परत परत वापरावी लागते. समजा समोरच्याने अशी वस्तू घेऊन पाण्याची मूव्ह मारली. तुम्ही तेव्हाच शेडिन्जा आत आणलात, तर आता तो प्राणी पूर्ण निकामी. त्याला मागे घ्यावंच लागतं, आणि ती फुकट मिळालेली फेरी तुमची. त्या फेरीत शेडिन्जा सोर्ड्स डान्सने आपला हल्ला दुप्पट करतो किंवा विल-ओ-विस्पने येणाऱ्याला भाजतो. हल्ल्याचा त्याचा मूळ आकडा 90 आहे, निन्जास्कइतकाच. इथे त्याच्यावर कुणी दया दाखवलेली नाही, आणि ती दाखवायची गरजही नाही.

इतर पोकेमॉनशी लढताना प्रश्न असतो: किती? किती मार, किती एचपी उरले, अजून किती फटके. शेडिन्जासमोर तो प्रश्नच नाहीसा होतो. उरतो एकच: तुझ्याकडे ते आहे का? त्या पाचांतलं एखादं, किंवा थोडंसं विष, मूठभर वाळू? असेल तर लेव्हल 5 चा पिजीही त्याला पाडेल. नसेल तर जगातला सर्वांत बलवान प्राणी हतबल. आत काहीच नाही म्हणून मारायलाही काही नाही, आणि नेमकी फट सापडली की टिकायलाही काही नाही. पोकळ असणं हे बाकी गेममध्ये ज्ञानकोशातलं एक वाक्य होऊन राहिलं असतं. इथे ते तुम्हाला प्रत्येक फेरीत अनुभवायला मिळतं.

गेम बनवणाऱ्यांनी या नियमाची राखणही किती काळजीने केली आहे बघा. दोन प्राण्यांच्या अ‍ॅबिलिटीची अदलाबदल करणारी स्किल स्वॅप नावाची मूव्ह आहे. तिने वंडर गार्ड दुसऱ्याला देता येत नाही. कारण ओळखायला जड नाही. रुबी-सफायरमध्येच सेबलाय नावाचा पोकेमॉन आला, अंधार आणि भूत या टाइपचा. त्या काळात या मिश्रणाला कुठलाच टाइप सुपर इफेक्टिव्ह नव्हता. त्याला वंडर गार्ड मिळालं असतं तर जगातला एकही टाइप त्याच्या केसाला धक्का लावू शकला नसता. 2013 मध्ये परी हा टाइप आला आणि सेबलायला पहिली कमजोरी मिळाली. शेडिन्जाला मात्र परीचा वार जेवढ्यास तेवढाच लागतो, म्हणजे लागत नाही. त्याच्या अभेद्य टाइपांत एकाची भर पडली.

सोर्ड आणि शील्ड या गेममध्ये प्राणी डायनामॅक्स होऊन इमारतीएवढे वाढतात आणि त्यांचे एचपीही वाढतात. शेडिन्जा तेवढाच प्रचंड होतो आणि त्याचे एचपी 1 च राहतात. इतक्या वर्षांनी, नव्या नियमातही कुणीतरी आठवणीने त्याच्यासाठी अपवाद लिहिला, हे पाहून मला मनापासून आनंद झाला होता. त्यानंतरच्या स्कार्लेट आणि व्हायोलेट या गेममध्ये तो नाही. तिथे टेरास्टल नावाच्या प्रकाराने प्राण्याचा टाइप बदलता येतो. खेळाडूंनी हिशोब केव्हाच केला आहे: शेडिन्जा तिथे आला आणि त्याला विजेचा केलं, तर त्याला जमिनीचाच वार तेवढा लागेल. हातात एअर बलून, म्हणजे हवेत उचलून धरणारा फुगा, दिला की तो वारही लागणार नाही. वार लागल्याशिवाय फुगा फुटत नाही, आणि वंडर गार्ड वार लागू देत नाही.

पोकेमॉन गोमध्ये शेडिन्जा भेटला असेल तर त्यावरून त्याची परीक्षा करू नका. त्या गेममध्ये अ‍ॅबिलिटीच नाहीत, त्यामुळे तिथे फक्त नाजूकपणा उरला आहे, जादू नाही. खरा शेडिन्जा पाहायचा तर मुख्य मालिकेतला गेम घ्या. रुबी-सफायरची 2014 साली नवी आवृत्ती आली, ओमेगा रुबी आणि अल्फा सफायर. त्यात रूट 116 वर निन्काडा पकडा, लेव्हल 19 पर्यंत न्या. मग टीममधला एक जण बॉक्समध्ये, म्हणजे गेमच्या साठवणीत, ठेवून जागा मोकळी करा आणि बॅगेत साधा पोके बॉल आहे ना ते तपासा. तो नसेल तर जवळच्या मार्टमधून आधी घेऊन या, ग्रेट बॉल किंवा अल्ट्रा बॉल चालत नाही. त्यानंतरच शेवटची लढाई लढा.